दाराला कुलूप नव्हते

नोकरीतली बरीच प्रकरणे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती चोरी कोणत्या गावची, कोणता आरोपी कोणत्या ठाण्याचा, हे चटकन सांगता येणार नाही. एक प्रकरण मात्र तसे मिसळले नाही. त्यातली माणसे हयात आहेत आणि त्यातली एक लहान मुलगी आता शाळेत जाते, म्हणून नावे आणि गाव लिहीत नाही. बाकी सगळे जसे घडले तसे सांगतो.

मी तेव्हा बागलाण तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उन्हाळ कांदा निघायचे दिवस होते. नामपूरच्या बाजाराबाहेर पहाटेपासून ट्रॅक्टरच्या रांगा लागत. भाव पडला की शेतकरी लिलाव बंद पाडत आणि आमची निम्मी माणसे बंदोबस्तात अडकत. अशाच एका सकाळी हजेरी आटोपून मी खुर्चीत बसत होतो, तेव्हा जवळच्या गावचा पोलीस पाटील एका बाईला घेऊन आला. बाई पन्नाशीची, सडसडीत, डोक्यावरचा पदर जराही न ढळू देणारी. तिची विधवा सून घरातून निघून गेली होती. सुनेची तीन वर्षांची मुलगी घरीच होती.

बाईचा मुलगा वर्षभरापूर्वी महामार्गावर दुचाकीच्या अपघातात गेला होता. नवरा त्याआधीच वारलेला. घरात सासू, सून आणि नात. आदल्या दिवशी सकाळी सून धुणे घेऊन ओढ्याकडे गेली ती परतली नाही, असे बाईने सांगितले. तिला कोणाचा तरी फोन यायचा, एवढेही तिने सांगितले, पण कोणाचा ते माहीत नाही म्हणाली. आम्ही मिसिंग दाखल केली. वर्णन घेतले, फोटो घेतला. फोटोत नवराबायको आणि कडेवर तान्ही मुलगी होती.

माणूस हरवल्याची तक्रार घेऊन आलेले लोक मी शेकडोंनी पाहिले आहेत. रागावलेले असोत, रडणारे असोत की लाजेने मान खाली घातलेले, जाताना सगळे एकच विचारतात, सापडेल ना? या बाईने ते विचारले नाही. उठताना ती म्हणाली, "पोर आमनाजोडेच राही ना, सायेब?"

मी मूळचा दिंडोरीकडचा, पण तिथल्या अहिराणीची मला तोवर सवय झाली होती. नात आमच्याकडेच राहील ना, असे ती विचारत होती. आई मुलीला टाकून गेली असेल तर मुलगी तुमच्याकडेच राहणार, असे मी सहज बोलून गेलो. तिने मान हलवली आणि पोलीस पाटलामागून निघून गेली. तो प्रश्न मला खटकला, पण का खटकला ते तेव्हा नीट सांगता आले नसते.

दुसऱ्या दिवशी सुनेचे वडील आले. येवल्याजवळच्या गावचे, थोडी कोरडवाहू जमीन आणि बाकी वेळ येवल्यात मागावर पैठणी विणायचे काम. एसटी बदलत बदलत आले होते. शर्टाची सगळी बटणे लावलेली, हातात पिशवी, आणि पिशवीत नातीसाठी आणलेला फ्रॉक. मुलगी पळून गेली हे त्यांना सासरच्या भाऊबंदांकडून कळले होते.

"सायेब," ते म्हणाले, "पोरीला सोडून ती जाणार नाय. दुसरं काय बी सांगा, मी ऐकीन."

प्रत्येक बाप असेच म्हणतो. तरी मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि बोलू दिले. त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. जावई गेल्यापासून सासू सुनेला पांढऱ्या पायाची म्हणत असे. घरातून कोणी कामाला निघाले की सुनेने मागच्या खोलीत जायचे, तिचे तोंड दिसू द्यायचे नाही. तिचे ताट-वाटी वेगळे. सगळ्यांचे उरकल्यावर उरले तर जेवायचे. एकदा स्वयंपाकाला उशीर झाला म्हणून सासूने तिच्या हातावर तापलेले उलथणे ठेवले होते. मोबाईल काढून घेतला होता आणि माहेरी जायची बंदी होती. वर्षश्राद्धाला आई गेली तेव्हा मुलीने भांडी घासता घासता हे सगळे सांगितले होते. त्यावर घरी विचार झाला आणि बापाने निरोप धाडला की लेकराकडे बघून जरा दम धर.

मग म्हणाले, दम धर म्हणालो खरे, पण जीव राहिना. ओळखीतून एक स्थळ आले होते. मुलगा चांगला होता, लहान मुलीसकट करून घ्यायला तयार होता. त्यांनी विहीणबाईंना फोन करून सांगितले की कांदा काढून झाला की लेकीला आणि नातीला घेऊन जाऊ.

हा फोन कधी केला, असे मी विचारले. सून हरवण्याच्या दोन-तीन दिवस आधी, असे ते म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. माझ्या मनात जे आले तेच त्यांच्याही मनात आले होते.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ग्रामीण पोलिसाला बाई हरवल्यावर पहिल्यांदा विहिरी आठवतात. त्या शिवारात प्रत्येक मळ्यात विहीर. आम्ही पोहणारी पोरे बोलावून, गळ टाकून एकेक विहीर पाहिली. उन्हाळ्यामुळे पाणी खाली गेले होते, त्यामुळे काम सोपे होते, पण प्रत्येक वेळी गळ कशाला तरी अडकला की काठावरचे सगळे पुढे वाकायचे. एकदा जुनी मोटार निघाली, एकदा साडीत गुंडाळलेले काहीतरी निघाले. ते सोडवेपर्यंत वडील काठावर उकिडवे बसून होते. आत देव्हाऱ्यातल्या भंगलेल्या मूर्ती होत्या, कोणीतरी विसर्जन केलेल्या.

याच काळात मालेगावकडून बिनतारी संदेश आला. कालव्यात अनोळखी स्त्रीचे प्रेत मिळाले होते, वय पंचविशीच्या आत. वडिलांना घेऊन मी स्वतः गेलो. वाटेत यंत्रमागांचा खडखडाट, रिक्षांची गर्दी, सगळे नेहमीसारखे चालले होते आणि शेजारी बसलेला माणूस पिशवी छातीशी धरून पुटपुटत होता. सरकारी दवाखान्याच्या शवागारात त्यांना चादर उचलून दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग तोंडाकडे पाहायचे सोडून हाताकडे पाहिले आणि म्हणाले, नाही, ही नाही. बाहेर आल्यावर ते भिंतीला टेकून खाली बसले. मी पाणी दिले. ते म्हणाले, "ही बी कुणाची तरी असंल."

खबर मिळाली ती ठाण्यातच. सासूच्या गल्लीतले एक जोडपे दुचाकी चोरीची तक्रार द्यायला आले होते. नवरा टेबलाशी जबाब लिहून देत होता. बायको पाणी प्यायला मागच्या बाजूला गेली आणि तिथे आमच्या महिला हवालदाराला हळू आवाजात म्हणाली की ती सून पळालेली नाही. त्या सकाळी एक पांढरी पिकअप आली होती, सासूने सुनेला हाताला धरून त्यात बसवले आणि स्वतः शेजारी बसली. लेकरू मागे घरात रडत होते. एवढे सांगून तिने घातलेली अट अशी, माझे नाव कुठे येऊ देऊ नका, मला त्याच गल्लीत राहायचे आहे.

आमच्या या हवालदार बाई सटाण्याच्या. अहिराणी त्यांची घरची भाषा. गावातल्या बायका त्यांना ताई म्हणत आणि जे आम्हाला सांगत नसत ते त्यांना सांगत. त्यांनी येऊन मला सांगितले तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हाती लागले असे वाटले, आणि त्याबरोबर धाकधूक दुप्पट झाली. पिकअपमध्ये बसेपर्यंत सून जिवंत होती. पुढचे कोणाला माहीत? शिवाय कांद्याच्या हंगामात त्या तालुक्यात पांढऱ्या पिकअप मोजायच्या कशा?

सासूला चौकशीसाठी बोलावले. हवालदार बाईंना शेजारी बसवले. सूर्य मावळायच्या आत तिला घरी पोचवायचे, हे नियमाने बंधनकारक होते. चौकशीत खोटे बोलणारी माणसे बहुधा जास्त बोलतात. विचारले नसताना तपशील देतात, त्या दिवशी भाजी कोणती होती तेही सांगतात, आणि त्यातच सापडतात. ही बाई तशी नव्हती. एका प्रश्नाला एक वाक्य आणि मग तोंड बंद. पिकअप? माहीत नाही. सुनेला मारत होतात? घरात भांड्याला भांडे लागतेच. पांढऱ्या पायाची म्हणत होतात? गाव म्हणते. समोर ठेवलेल्या पाण्याला तिने हात लावला नाही. उन्हे उतरल्यावर आम्ही तिला घरी सोडले. तिच्या फोनचा तपशील मागवला होता, पण तो यायला वेळ होता. माझ्याकडे तिच्याविरुद्ध एका नाव न सांगणाऱ्या बाईच्या दोन वाक्यांखेरीज काही नव्हते.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी दाब वाढवला आणि सून कुठेतरी जिवंत असेल, तर तो दाब तिच्यावर पडणार होता. दाब काढला तर वेळ जाणार होता. दोन्हीकडून तिचेच मरण.

सकाळी हवालदार बाई म्हणाल्या, "साहेब, मी साध्या कपड्यांत जाऊन त्या लेकराला भेटून येते. आजी मळ्यात गेली की."

तीन वर्षांच्या मुलीला काय विचारणार, असे मी म्हणालो. त्या म्हणाल्या, विचारणार काहीच नाही, खेळणार.

त्या दुपारच्या आत परत आल्या आणि माझ्या केबिनचे दार लावून घेतले. मुलगी ओट्यावर एकटी खेळत होती. शेजारची म्हातारी लक्ष ठेवून होती. बाईंनी तिच्याशी गोट्या मांडल्या, गाणे म्हटले. मुलगी हसत होती. बाईंच्या लक्षात आले की या लेकराची आई इतके दिवस घरात नाही, आणि हे आईची आठवण काढत नाही. रडत नाही, कोणाला विचारत नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलाने त्या वयात आई ड्युटीवर गेली तरी घर डोक्यावर घेतले होते. मग त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत विचारले, वेणी छान आहे गं, कोणी घातली? मुलगी म्हणाली, मायने. बाईंनी विचारले, कुठे आहे माय?

"तठे शे," मुलगी म्हणाली. "कोंबड्यासजोडे."

तिकडे आहे, कोंबड्यांजवळ. एवढे बोलून ती पुन्हा गोट्यांकडे वळली. त्या घरात एकही कोंबडी नव्हती.

म्हणजे सून जिवंत होती. आणि सासू नातीला तिच्याकडे नेत होती आणि परत आणत होती. गोपनीय शाखेच्या अंमलदाराला मी गावात न जाता बाहेरून माहिती काढायला सांगितले. तासाभरात कळले. सासूच्या सख्ख्या भावाची मालेगाव रस्त्याकडे पोल्ट्री होती आणि कोंबड्या वाहायला पांढरी पिकअप.

आम्ही लगेच निघालो. सरकारी गाडी मागे ठेवून खासगी जीप घेतली. दोन पंच, हवालदार बाई, दोन अंमलदार आणि मी. वडिलांना ठाण्यातच थांबवले. आत काय दिसेल याची मला खात्री नव्हती. दुसरे दोन अंमलदार मी सासूच्या गावाकडे पाठवले, तिच्यावर आणि मुलीवर लक्ष ठेवायला.

लांबट पत्र्याची शेड, बाजूला जाळी, आणि दूरवरूनच नाकात भरणारा वास. फाटकाशी भाऊ उभा होता. आम्हाला पाहून त्याचा चेहराच सगळे सांगून गेला. त्याचा फोन ताब्यात घेतला आणि आत शिरलो. कुलूप तोडायला एक अंमलदार पहार घेऊन आला होता. पहारीचा उपयोग झाला नाही. शेडचे दार सताड उघडे होते. आत एक बारीक बाई डोक्यावर खाद्याचे पोते घेऊन चालली होती. फोटोतली तीच, फक्त अर्धी झालेली. पायांत चप्पल नव्हती. उजव्या हाताच्या मनगटावर भाजल्याचा जुना काळा डाग होता.

मला वाटले आम्हाला पाहून ती धावत येईल. मी म्हणालो, आम्ही पोलीस आहोत, घाबरू नका, तुमचे वडील ठाण्यात वाट बघत आहेत. तिने पोते खाली टाकले आणि मागे सरत भिंतीला टेकली.

"मी माझ्या मर्जीनं आलीये," ती म्हणाली. "मला कुठं जायाचं नाय. तुमी जा, सायेब."

हवालदार बाई तिच्या जवळ गेल्या, खांद्यावर हात ठेवला. तिने पुन्हा तेच सांगितले, पाठ केल्यासारखे. मामांकडे कामाला आलेय. कोणी मारत नाही. मर्जीने आलेय.

आता कायद्याने माझी पंचाईत होती. सज्ञान बाई, दार उघडे, तोंडाने सांगते की स्वतःहून आले. तिचा तसा जबाब नोंदवला की मिसिंग निकाली निघते आणि मला हात हलवत परत जावे लागते. पंच एकमेकांकडे पाहू लागले. एक अंमलदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, साहेब, बाई तयार नाही तर आपण काय करणार? खरे होते ते. पण ती बोलत होती तेव्हा तिची नजर माझ्याकडे नव्हती, हवालदार बाईंकडेही नव्हती. ती शेडबाहेर, शेतापलीकडच्या घराकडे पाहत होती. त्या घराच्या ओट्यावर भावाची बायको उभी होती, फोन कानाला लावून.

मी धावतच बाहेर आलो आणि गावाकडे पाठवलेल्या अंमलदारांना फोन लावला. ते नुकतेच पोचले होते. घराला कडी होती. आजी आणि नात दोघीही नव्हत्या. ओट्यावर गोट्या पडल्या होत्या.

माझ्या नोकरीत मी गोळीबार पाहिला, दंगल पाहिली. त्या क्षणाइतका घाबरलो असेन असे वाटत नाही. एकुलता मुलगा गेलेली बाई, नातही हातातून जाणार हे तिला कळलेले, आणि भोवती त्याच सगळ्या विहिरी. लेकराला कडेवर घेऊन विहिरीत उडी टाकलेल्या बायका मी काढल्या होत्या. मी अंमलदारांना ओरडून सांगितले, आधी मळ्यातली विहीर बघा, मग शेजारच्या. मागे वळलो तर सून शेडच्या दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"म्हणून मी तुमाला जा म्हणत होते," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते वाक्य जास्त लागले. ती दाराशीच खाली बसली. हवालदार बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मग तिने पदराने तोंड पुसले आणि माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ पाहिले. ती म्हणाली, विहिरी बघू नका, वेळ जाईल.

"आत्याबाई पोरीला काय करणार नाहीत. त्यांचा जीव तिच्यात हे. लांब नेतील फक्त."

आत्याबाई म्हणजे सासू. कुठे, असे मी विचारले. तिने विचार केला. सासूची एक मावसबहीण गुजरातच्या सीमेकडे राहते, सासू मागे बोलता बोलता तिथले नाव घ्यायची, तिकडे जायला नामपूरहून एसटी धरावी लागते. मी पत्ता विचारत बसलो नाही. नामपूरला लिलावाच्या बंदोबस्तात माझीच माणसे होती. फोन केला, वर्णन दिले, सगळ्या गाड्या थांबवा म्हणालो. आणि मग वाट पाहिली.

ते वाट पाहणे अजून माझ्या अंगावर येते. पत्र्याखाली उष्मा, कोंबड्यांचा एकसारखा कलकलाट, आणि ती बाई दोन्ही गुडघे छातीशी घेऊन माझ्या हातातल्या फोनकडे बघत बसलेली. एकदा फोन वाजला तो कार्यालयाचा, लिलावाची माहिती मागणारा. मी तो कसा कापला ते मला आठवत नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा पलीकडून अंमलदार म्हणाला, सापडल्या साहेब, दोघी. स्टँडवर बाकावर बसल्या होत्या. आजी लेकराला बिस्किटे चारत होती. पोलीस बघून पळाली नाही, नुसती नातीला घट्ट धरून बसली.

मी सुनेला सांगितले. हवालदार बाईंच्या खांद्यावर डोके ठेवून तिने डोळे मिटले.

मुलगी पोचेपर्यंत मी जबाब घेतला नाही. पंचांना आणि माझ्या माणसांनाही ठणकावून सांगितले, आत्ता कागद बाहेर काढायचा नाही. नामपूरहून पोलिसांची जीप फाटकात आली, मुलगी उतरली आणि मायकडे धावली. मग ती आईच्या मांडीवर बसली आणि आम्ही शेडबाहेर लिंबाच्या सावलीत जबाबाला सुरुवात केली. सून आता थांबत नव्हती. तिने सांगितले ते असे. बापाचा फोन आल्यावर सासू दोन दिवस अबोल होती. मग एका सकाळी म्हणाली, गाडीत बस, नाहीतर पोरीला अशा ठिकाणी पाठवीन की जन्मात दिसणार नाही. पोल्ट्रीत आणल्यावर तिला नियम सांगितला. गप काम केलेस तर एक दिवसाआड संध्याकाळी लेक भेटेल. पळालीस किंवा कोणाला बोललीस तर नाही. शिवाय पोलिसांत तुझी नोंद झालीय, तू पोर टाकून पळालेली आहेस, कोर्ट तुला पोर देणार नाही.

"मला कुलूप कधी नव्हतं, सायेब," ती म्हणाली. "मीच जात नव्हते."

खायला दिवसातून एकदा, झोपायला खाद्याच्या पोत्यांवर. संध्याकाळी मुलगी आणली की तिला मांडीवर घ्यायची, डोके विंचरायचे, आणि पिकअपचा हॉर्न वाजला की परत द्यायची. रडायचे नाही, कारण रडले तर पुढच्या वेळी मुलीला आणणार नाहीत. मुलगी सुरुवातीला रडायची. आईने तिला समजावले होते की माय कोंबड्या सांभाळायला गेलीय. म्हणून ते लेकरू घरी कोणाला विचारत नव्हते.

सासूला आणि तिच्या भावाला अटक झाली. विवाहितेचा छळ, धमकी देऊन डांबून ठेवणे, पोलिसांना खोटी माहिती देणे, अशी कलमे लावली. भावाने सगळे बहिणीवर ढकलले. सासूने काहीच ढकलले नाही. चौकशीत मी तिला विचारले, सुनेचे एवढे हाल का केले, ती गेली असती तर गेली असती. ती बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली,

"मना पोऱ्या गया. आते त्यानी पोर बी लई जाई ती. मंग मी कोनाकडे देखू?"

माझा मुलगा गेला, आता त्याची मुलगीही ती घेऊन जाईल, मग मी कोणाकडे पाहू. एवढ्या दिवसांत तिच्या तोंडून आलेले ते पहिले खरे वाक्य होते. त्याने तिचा गुन्हा हलका होत नाही. उपाशी ठेवलेली, चटका दिलेली, लेकराच्या नावाने बांधून घातलेली सून मी शेडमध्ये पाहिली होती, आणि हे करणारी बाई स्वतः तरुणपणी विधवा झाली होती, तिनेही मागच्या खोलीचे दिवस काढले असणार. ते तिला आठवले असेल का, हे मी तिला विचारले नाही.

खटला उभा राहिला तेव्हा खबर देणाऱ्या बाईचे नाव आम्ही कुठेही आणले नाही. सुनेची साक्षच पुरेशी ठरली. उलटतपासात वकिलाने तिला पुन्हा पुन्हा विचारले, दार उघडे होते ना, मग निघून का गेला नाहीत? तिने आवाज न चढवता सांगितले, मुलगी त्यांच्याकडे होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर न्यायाधीशांनीच वकिलाला थांबवले. दोघांनाही शिक्षा झाली. पुढे अपील झाले, जामीन झाला, ते कामकाज माझ्या निवृत्तीनंतरही चालू होते.

मुलगी आता आईबरोबर येवल्याजवळ आजोबांकडे असते. आई वडिलांच्या शेजारच्या मागावर बसते, पदरावरचे मोर विणायला शिकली आहे. स्थळाचे पुढे काही झाले नाही. तिनेच इतक्यात नको म्हटले आणि या वेळी घरात तिला कोणी दम धर म्हणाले नाही, एवढे मला तिच्या वडिलांनी फोनवर सांगितले.

या प्रकरणानंतर मी काम करायची एक पद्धत बदलली. आमच्या ठाण्यांत असे पुष्कळ जबाब येतात. नवऱ्याविरुद्ध तक्रार नाही, सासरी सुखात आहे, स्वतःच्या मर्जीने राहते. बाईने सांगितले, आम्ही लिहिले, सही झाली, काम संपले. नियमाने त्यात चूक काही नसते. पण त्यानंतर कोणत्याही ठाण्यात असा जबाब माझ्यापुढे आला की मी अंमलदाराला पेन खाली ठेवायला लावत असे आणि बाईला आधी एकच विचारत असे, तुमची मुले आत्ता कोणाजवळ आहेत? बऱ्याचदा उत्तर साधे असायचे, मुले बाहेर व्हरांड्यात खेळत असायची. पण काही वेळा बाई उत्तर देण्याआधी दाराकडे बघायची. तेव्हा मी जबाब बाजूला ठेवून आधी गाडी काढायला सांगत असे.